संशोधन पद्धतीचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. पीएचडीला नुकतंच नाव नोंदवलंय. विषय साधारण असा, की सार्वजनिक वाचनालयात माणसं येतात, कपाटांपाशी घुटमळतात आणि पुस्तक न घेताच निघून जातात, तर ते का. गाइड म्हणाले आधी संशोधन पद्धतीचं एक पुस्तक नीट वाचून काढ, मग भेट. कोणतं विचारलं तर म्हणाले कुठलंही चालेल.
आता माझ्या टेबलावर तीन आहेत. एक बारीकसं, त्यात सगळ्या व्याख्या आणि 'वैशिष्ट्ये लिहा' छाप मजकूर. दुसरं आठशेच्या आसपास पानांचं, उशाला घेता येईल असं. तिसऱ्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच, सगळं प्रश्न कसा विचारावा आणि मुद्दा कसा मांडावा यावर. तीन आठवड्यांत तिन्हींचं पहिलं प्रकरण वाचून झालंय आणि तिन्हींत पहिलं प्रकरण 'संशोधन म्हणजे काय' हेच आहे. संशोधन म्हणजे काय ते मला आता तीन प्रकारे माहितीय, करायचं कसं ते एकाही प्रकारे नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाचच:
मी पयला! आता वाचतो काय लिहिलंय ते.

मधली_सुट्टी:
पुस्तक न घेता परत जाणारा माणूस मीच. मला हवं ते कायम कुणीतरी आधीच नेलेलं असतं. झाली तुमची पीएचडी, पेढे पाठवा.

कोरी_पाटी:
@मधली_सुट्टी नमुना संख्या १. चालेल का विचारते गाइडना.

जुनी_वही:
कोरी_पाटी, लिहित्या झालात हे छान. पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच विषय शिकवते म्हणून जरा लांबण लावतेय, कंटाळा आला तर पुढे सरका.
संशोधन पद्धती या एका नावाखाली निदान तीन जातींची पुस्तकं मिळतात आणि योगायोगाने तुमच्या टेबलावर तिन्हींचं एकेक येऊन बसलंय. बारीक पुस्तक परीक्षेसाठी आहे, पेपर असेल तर आदल्या आठवड्यात वाचा, एरवी त्याला त्रास देऊ नका. जाडं पुस्तक संदर्भासाठी. बॅबी यांचं 'द प्रॅक्टिस ऑफ सोशल रिसर्च' (पहिली आवृत्ती १९७५) किंवा ब्रायमन यांचं 'सोशल रिसर्च मेथड्स' (२००१) ही त्या जातीची. ती सलग वाचायला गेलं की माणूस चौथ्या प्रकरणात ढेपाळतो, ती लागेल तेव्हा लागेल ते पान उघडायची असतात. तिसरी जात विचार कसा करायचा ते सांगणाऱ्यांची. बूथ, कोलम आणि विल्यम्स यांचं 'द क्राफ्ट ऑफ रिसर्च' (१९९५) हे त्यातलं बहुतेकांना माहीत असलेलं. त्यात नमुना निवड, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते ठरवणं, शोधू नका, मिळणार नाही, पण विषयापासून प्रश्नापर्यंत कसं यायचं आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर कुणाला काय फरक पडतो हे ते तुमच्याकडून वदवून घेतं.
आणि तुमचं नेमकं तिथेच अडलंय असं मला वाटतं. 'माणसं पुस्तक न घेता का जातात' हा अजून प्रश्न झालेला नाही, कुतूहल आहे. कोणती माणसं? पहिल्यांदा आलेली की रोजची? न घेता गेली म्हणजे हवं ते मिळालं नाही, की मुळात वर्तमानपत्र चाळायला आणि पंख्याखाली बसायलाच आली होती? यातलं एक धरलंत की जाड्या पुस्तकातली कोणती शंभर पानं आपली ते आपोआप कळेल. तेव्हा आधी तिसरं, मग दुसरं हाताशी.

तळटीप:
+१. वरचा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

कडवट:
असहमत. पाठ्यपुस्तक वाचून संशोधक झालेला माणूस मी तरी पाहिला नाही. मी पहिलं अख्खं वर्ष चार पुस्तकांच्या नोट्स काढण्यात घालवलं, दोन रंगांची पेनं, समासात बाण, सगळं साग्रसंगीत. त्या सगळ्यातून थीसिसमध्ये आला एक परिच्छेद, आणि तोही गाइडने कापला.
ताई, तुमच्या विषयाच्या जवळचे पाच चांगले पेपर घ्या. निष्कर्ष झाकून ठेवा, फक्त पद्धतीचा भाग वाचा. कुणाला विचारलं, कसं निवडलं, किती जण नाही म्हणाले. जिथे 'हे असंच का केलं' हे कळत नाही तिथे पेन्सिलने खूण करा. तेवढ्या खुणांपुरतं पुस्तक उघडा. बाकी पुस्तक कुठलंही असो, गाइड बरोबर बोललेत.

जुनी_वही:
@कडवट पद्धत चांगली आहे, मीही वर्गात करून घेते. पण पेपरमधला पद्धतीचा भाग म्हणजे पाहुणे यायच्या आधी आवरलेलं घर. चुकलेली प्रश्नावली, रद्द केलेला पहिला प्रयत्न, मधेच सोडून गेलेली माणसं, यातलं काही बाहेर दिसत नाही. नवख्याला वाटतं सगळ्यांचं पहिल्या फटक्यात जमतं.

शून्य_परिकल्पना:
आणि पेपर एकमेकांच्या चुकाही इमानेइतबारे उतरवून घेतात. मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले होते, निकाल २०१५ मध्ये आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे मानले गेलेले होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले. आता यातला कुठलाही पेपर नमुना म्हणून कुणी पुढ्यात ठेवला असता तर नवख्याने तो देवासारखा पुजला असता.
पुस्तक निवडायची माझी एक सोपी युक्ती सांगतो, मी आकडेवाला आहे म्हणून माझा चष्मा तसा. पुस्तक मागून उघडा, सूचीत पी व्हॅल्यू शोधा, ते पान काढा. तिथे 'शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता' असं लिहिलेलं दिसलं तर पुस्तक हळूच मिटून जागेवर ठेवा. शून्य परिकल्पना म्हणजे 'फरक काहीच नाही' हे धरून चालणं, आणि ते खरं असण्याची शक्यता पी व्हॅल्यू सांगतच नाही. शून्य परिकल्पना आणि बाकीची गृहीतकं खरी धरली, तर हाती आलाय तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. ही गफलत इतकी पसरली की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर जाहीर निवेदन काढावं लागलं. आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली तरच निकाल लक्षणीय, ही काही आकाशवाणी नव्हे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून ती मर्यादा सांगितली, आपण तिचा उंबरठा करून ठेवला.

काना_मात्रा:
रच्याकने (जाता जाता), एकाच प्रतिसादात परिकल्पनाही आली आणि गृहीतकंही आली, आणि दोन्ही वेगवेगळ्या अर्थाने आली हे पाहून बरं वाटलं. कित्येक मराठी पुस्तकांत हायपॉथिसिसलाही गृहीतक आणि अझम्प्शनलाही गृहीतक. म्हणजे जे तपासायचंय तेही गृहीतक आणि जे न तपासता धरून चाललोय तेही गृहीतक! बिचाऱ्या विद्यार्थ्याने काय समजायचं? परिभाषेत हायपॉथिसिसला अभ्युपगम असा स्वतंत्र शब्द आहे हो.

उगाचच:
अभ्युपगम. अभ्युपगम. अभ्युपगम. पीएचडी नको मला, पण शब्द आवडला.

कडवट:
मांजराचं नाव म्हणून शोभेल.

काना_मात्रा:
हसा. पण धाग्याशी संबंध आहे म्हणूनच लिहिलं. मराठीत प्रबंध लिहायचा असेल तर वहीच्या मागच्या पानावर पहिल्या दिवसापासून यादी करा, पुस्तकातला शब्द, मराठीतला शब्द आणि तो आपण कोणत्या अर्थाने वापरणार ते. व्हॅलिडिटीला कुणी वैधता म्हणतं कुणी सप्रमाणता, आणि तिसऱ्या प्रकरणात एक नि पाचव्यात दुसरं लिहिलेलं तोंडी परीक्षेत नेमकं सापडतं.

पाचवा_मसुदा:
तोंडी परीक्षेचं नाव निघालं म्हणून माझी फजिती सांगतो. मी प्रबंधात ३८४ जणांचा नमुना घेतला होता. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ३८४ च का? मी ऐटीत सांगितलं, क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा, किती लोकांमागे किती नमुना ते सांगणारा तक्ता. ठीक, म्हणाले, मग हे ३८४ निवडले कसे? मी म्हणालो, सर, जे भेटले ते. खोलीत जी शांतता पसरली ती मला आजही ऐकू येते. मग ते सावकाश म्हणाले, म्हणजे मापाचं भांडं अगदी काटेकोर घेतलंत आणि भरलंत डबक्यातून. माझ्या पुस्तकात तक्ता होता हो, पण तो फक्त रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्याला लागू पडतो हे वाक्य एकतर नव्हतं किंवा मी गाळलं. पुस्तक आता सापडत नाही म्हणून संशयाचा फायदा पुस्तकाला.

शून्य_परिकल्पना:
@पाचवा_मसुदा अहो तुम्ही एकटे नाही, ३८४ हा पीएचडीचा राष्ट्रीय पक्षी आहे (हलके घ्या). तो येतो कुठून ते एकदा हाताने करून पाहिलं की भीती जाते. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ चा वर्ग, ३.८४१६. लोक निम्मे हो, निम्मे नाही म्हणतील असं धरून त्याला ०.५ गुणिले ०.५ ने गुणा, ०.९६०४. चूक ५ टक्क्यांपर्यंत चालणार म्हणून ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागा. ३८४.१६. बस, एवढंच आहे ते. चूक निम्मी, म्हणजे अडीच टक्के हवी असेल तर नमुना दुप्पट नाही, चौपट लागतो, १५३७. जे पुस्तक ही आकडेमोड करून दाखवतं आणि लगेच खाली सांगतं की निवड रँडम नसेल तर याला अर्थ नाही, ते घ्या. जे नुसता तक्ता छापतं ते ठेवा.

मधली_सुट्टी:
३८४.१६ म्हणजे वर ३८५ घ्यायला हवेत ना? तो ०.१६ माणूस कुठे गेला?

शून्य_परिकल्पना:
पुस्तक न घेता परत गेला.

उगाचच:
=)) =))

तळटीप:
नमुन्याच्याच प्रकरणात बहुतेक जाड्या पुस्तकांत १९३६ ची गोष्ट असते. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी सांगितलं लँडन येणार. आले रूझवेल्ट, तेही ६१ टक्के मतं घेऊन. बऱ्याच ठिकाणी एवढंच लिहून देतात की यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांची होती, गरीब सुटले. ते आहेच, पण दुसरं अंग म्हणजे ज्यांना पाठवली त्यातल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, आणि दिलेले लोक न दिलेल्यांसारखे नव्हते. हे दुसरं अंग पुस्तकात आहे का ते मी आवर्जून बघतो.
आणि कोरी_पाटी, तुम्हाला तर हेच सगळ्यात जास्त छळणार. दाराशी कागद घेऊन उभ्या राहाल तेव्हा पुस्तक घेऊन खुशीत निघालेला माणूस दोन मिनिटं थांबेल. वैतागून चाललेला 'घाई आहे' म्हणून निघून जाईल, आणि तुमचा विषय नेमका तोच माणूस आहे.

ऐकणारा_कान:
तळटीपकाकांनी दुखरी नस पकडली. म्हणूनच मला वाटतं हा विषय मुळात प्रश्नावलीचा नाहीच. मी एका वाचनालयात आठवडाभर कोपऱ्यातल्या बाकावर वही घेऊन बसलो होतो, वेगळ्या कामासाठी. एक आजोबा कादंबऱ्यांच्या कपाटापाशी आले, कण्यांवरून बोट फिरवत फिरवत एका पुस्तकावर थांबले, काढलं, मागचं पान वाचलं, मग चष्मा वर करून आतला टाइप डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि होतं तसं परत ठेवलं. तीन पुस्तकांना हेच. चौथं काढलंच नाही. यांना दारात 'पुस्तक का घेतलं नाही' विचारलं असतं तर म्हणाले असते, चांगलं काही दिसलं नाही. बारीक टाइप हे उत्तर तुमच्या पर्यायांत असलंच नसतं.
तेव्हा जाडं पुस्तक निवडताना निरीक्षण आणि मुलाखत यांना किती पानं दिलीत ते मोजा. काही पुस्तकांत सर्व्हेला तीनशे आणि मुलाखतीला बारा पानं असतात, तीही 'मोकळं वातावरण निर्माण करावे' टाइपची. क्रेसवेल यांचं 'रिसर्च डिझाइन' (पहिली आवृत्ती १९९४) संख्यात्मक (आकड्यांची), गुणात्मक (निरीक्षण-मुलाखतींची) आणि मिश्र अशा तिन्ही पद्धती शेजारीशेजारी ठेवतं, निर्णय घेण्यापूर्वी चाळायला बरं.

पाचवा_मसुदा:
मुलाखती किती घ्यायच्या पण? तिथेही कुणीतरी १२ म्हणतं.

ऐकणारा_कान:
तो तुमच्या ३८४ चा धाकटा भाऊ. २००६ च्या एका अभ्यासात ६० मुलाखती तपासताना दिसलं की पहिल्या बाराएक मुलाखतींनंतर नवं फारसं हाती लागत नाही. पण ती सगळी बरीचशी एकसारख्या परिस्थितीतली माणसं होती, प्रश्नही ठरलेले. ही अट गळून पडली आणि १२ तेवढा उरला. शाळकरी मुलं, निवृत्त माणसं आणि स्पर्धा परीक्षावाले एकाच टोपलीत घातलेत तर बारा कुठून पुरतील?

कडवट:
एआयला विचारा की सरळ कोणतं पुस्तक ते. २ मिनिटांचं काम.

पाचवा_मसुदा:
विचारून पाहिलंय. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नव्हता.

तळटीप:
जुनी आवृत्ती घ्यावी का हे कुणी विचारलं नाही म्हणून स्वतःच सांगतो. तर्क, नमुना निवड, प्रश्नावलीचे शब्द, मुलाखत, यासाठी वीस वर्षं जुनी आवृत्ती बिनदिक्कत घ्या. सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, ऑनलाइन सर्व्हे, संदर्भ देण्याच्या शैली आणि अभ्यासाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याची हल्लीची पद्धत, यासाठी नवीच लागते. इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांचं प्रबंधलेखनावरचं पुस्तक १९७७ चं, अर्धा जीव टिपणाच्या कार्डांत अडकलेला, तरी कार्ड कशासाठी करायचं ते त्यातून जे कळतं ते संदर्भाच्या अॅपमधून कळत नाही. अॅपमध्ये माझे दोन हजार लेख आहेत, वाचलेले किती ते विचारू नका.

जुनी_वही:
एक राहिलंच. नीतिमत्तेचं प्रकरण कुठे आहे ते पाहा. शेवटी चार पानांत उरकलंय की नमुना आणि मुलाखतीच्या प्रकरणांतही मधेमधे येतं? अमेरिकेतला टस्कीगीचा सिफिलिसचा अभ्यास १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं चालला, उपचार हाताशी असून दिले गेले नाहीत, आणि तो करणारे स्वतःला संशोधकच म्हणवत होते. त्यानंतर माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिमत्तेबद्दलचा १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, त्यातली तत्त्वं आजही मंजुरीच्या अर्जांत दिसतात. वाचनालयात कोण काय चाळतंय हे टिपणं निरुपद्रवी वाटतं. पण कुणी आजारावरचं पुस्तक उघडून परत ठेवलं आणि तुमच्या वहीत तो माणूस ओळखू येईल असं वर्णन आहे, मग? @ऐकणारा_कान, आजोबांचं वर्णन मोघम ठेवलंत ते बरं केलंत.

ऐकणारा_कान:
वहीत 'क ७' आहेत ते. आजोबासुद्धा नाहीत.

कडवट:
पाठ्यपुस्तकाची बाजू घेतोय असं समजू नका, पण हे मला पेपरांतून कुणी शिकवलं नव्हतं. एवढं एक प्रकरण तुमचं.

उगाचच:
कडवट यांनी कबुली दिली! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

कोरी_पाटी:
मंडळी, दोन आठवडे गायब होते, कारण खरंच कामाला लागले होते. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत (एकाच रंगाच्या पेनने, @कडवट).
तिन्ही पुस्तकं मागून उघडली. बारक्याला सूचीच नाही. चाळून चाळून पी व्हॅल्यू सापडली आणि अगदी तेच वाक्य निघालं, हळूच मिटून ठेवलं. जाड्यात व्याख्या बरोबर आहे, ३८४ ची आकडेमोड नाही पण अट ठळक टाइपात आहे, आणि उत्तर न देणाऱ्यांवर जवळपास वीस पानं आहेत, ती दोनदा वाचली. मुलाखतीला त्यात तेवीस पानंच आहेत, तिथे दुसरं काहीतरी लागणार. तिसरं मात्र एका बैठकीत अर्धं झालं. ते वाचताना प्रश्न चार वेळा खोडला आणि आता असा उभा आहे: नव्याने सभासद झालेली माणसं पहिल्या तीन महिन्यांत वाचनालयात येऊन पुस्तक न घेता जातात तेव्हा कपाटापाशी नेमकं काय घडतं. गाइडना दाखवला. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचला आणि म्हणाले, कोणतं पुस्तक वाचलंस? मी सांगितलं, दीड. म्हणाले, पुरे.
मग मुलाखतींसाठी म्हणून ऐकणारा_कान यांनी सांगितलेलं क्रेसवेल आणायला काल वाचनालयात गेले. ते कुणीतरी नेलेलं. शेजारची दोन काढून पाहिली, एकाचा टाइप बारीक, दुसऱ्याचं पहिलं प्रकरण 'संशोधन म्हणजे काय'. घड्याळ पाहिलं आणि निघाले. दारापर्यंत आल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

मधली_सुट्टी:
नमुना संख्या २. स्वागत आहे.

उगाचच:
अभ्युपगम सिद्ध!

शून्य_परिकल्पना:
सिद्ध वगैरे काही नाही हो. आणि तुमचे दोन्ही नमुने 'जे भेटले ते' आहेत.